कबड्डीच्या जर्सी आणि मंडळांचे टी-शर्ट: ट्रान्सफर छपाईसाठी कोणता प्रिंटर, कोणती शाई?

शिवणघर (चिपळूण):

नमस्कार. चिपळुणात माझे शिवणकामाचे दुकान आहे. शाळांचे गणवेश हा मुख्य धंदा, पण गेली चार वर्षे कबड्डी संघांच्या जर्सी, गोविंदा पथकांचे टी-शर्ट आणि गणेशोत्सव मंडळांचे कॉटनचे टी-शर्ट अशी कामेही येऊ लागली आहेत. शिवण आमच्याकडेच होते. छपाई मात्र आम्ही कोल्हापूरला जॉबवर्कने करून घेतो. माल पाठवणे आणि छापून परत येणे यात पाच-सहा दिवस जातात, आणि एखाद्या खेळाडूच्या नावातली वेलांटी चुकली तर त्या एका जर्सीसाठी पुन्हा तेच चक्र सुरू होते. गेल्या श्रावणात एका पथकाच्या टी-शर्टांपैकी अकरा नग दहीहंडीच्या दिवशी दुपारी हातात पडले. तोवर पथक गाडीत बसून निघून गेले होते. त्या अकरा मुलांनी जुने टी-शर्ट घालून थर लावले, हे मला अजून बोचते.

म्हणून आता छपाई दुकानातच सुरू करावी असे मी आणि यजमानांनी ठरवले आहे. हीट प्रेस (छापलेले चित्र उष्णता आणि दाबाने कापडावर उतरवणारे यंत्र) धरून साठ-सत्तर हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. दुकानामागे दहा बाय बाराची एक खोली रिकामी आहे. पावसाळ्यात आमच्याकडे हवेत ओल असते आणि वीजही वारंवार जाते, तेही लक्षात घ्यावे लागेल.

चौकशी करू लागल्यापासून मात्र गोंधळ वाढला आहे. एक विक्रेता म्हणतो, साधा टाकीवाला प्रिंटर घ्या, त्यात सब्लिमेशनची शाई भरा, सगळे छापता येते. दुसरा म्हणतो, सब्लिमेशन आता जुने झाले, डीटीएफच (डायरेक्ट टू फिल्म, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग कापडावर उतरवण्याची पद्धत) घ्या. तिसऱ्याने पिगमेंट शाई आणि ट्रान्सफर पेपर सुचवला. मागे घरातल्या साध्या इंकजेट प्रिंटरवर ट्रान्सफर पेपर छापून भाच्याच्या वाढदिवसाचा टी-शर्ट केला होता. इस्त्रीने तो सुरेख उठला, पण पहिल्याच धुण्यात निळा रंग पाझरून अक्षरांभोवती डाग पसरला. गिऱ्हाइकाच्या मालावर असे झाले तर आमचे नाव जाईल. चार रंगांचा प्रिंटर पुरेल की सहा रंगांचा हवा, ए-४ घ्यावा की ए-३, आणि मुळात कोणत्या शाईपासून सुरुवात करावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे ही विनंती.


रंगारी (इचलकरंजी):

ताई, आपला प्रश्न प्रिंटरपासून सुरू होतो आहे, तो कापडापासून सुरू करा. कापड शाई ठरवते आणि शाई प्रिंटर ठरवते. हा क्रम उलटा केला की पैसे अडकतात, आणि विक्रेते नेमका तो उलटाच सांगतात, कारण त्यांच्या दुकानात प्रिंटर असतो, आपले गिऱ्हाईक नसते.

सब्लिमेशनची शाई म्हणजे डिस्पर्स जातीचा रंग. कागदावर तो घन रूपात असतो. साधारण १८० अंश सेल्सिअसच्या पुढे तो द्रव न होता थेट वायू होतो, उष्णतेने सैलावलेल्या पॉलिस्टरच्या तंतूत शिरतो आणि तंतू थंड झाला की आतच अडकून बसतो. म्हणून त्या छपाईला हाताला थर लागत नाही, तडे जात नाहीत आणि धुण्यात ती जात नाही. कॉटनच्या तंतूत त्याला अशी जागा मिळत नाही. प्रेसमधून काढताना कॉटनवर थोडा रंग दिसतो खरा, पण तो दोन धुण्यांत निघून जातो. ‘सगळे छापता येते’ असे ज्याने सांगितले त्याने ही एवढी गोष्ट सांगायला हवी होती. दुसरी मर्यादा अशी की या पद्धतीत पांढरी शाई नसते आणि रंग पारदर्शक असतात. कापड पांढरे किंवा अगदी फिके असेल तरच चित्र खरे उमटते. काळ्या जर्सीवर सब्लिमेशनने काहीच दिसणार नाही.

म्हणून आधी आपल्याकडे वर्षभरात आलेल्या टी-शर्टांचे नमुने टेबलावर मांडा. प्रत्येकाच्या आतल्या शिवणीतून दोन धागे काढून चिमट्यात धरा आणि काडी ओढून जाळा. पॉलिस्टर आक्रसते, वितळते आणि टोकाला काळा टणक मणी उरतो, जो नखाने फुटत नाही. कॉटन कागदासारखे जळते, तसाच वास येतो आणि बोटांनी चुरडली जाईल अशी राखाडी राख राहते. राखही आली आणि त्यात टणक कणही लागले, तर ते मिश्रण समजा. मिश्रणात रंग फक्त पॉलिस्टरचाच हिस्सा धरतो, त्यामुळे छपाई पहिल्या दिवसापासून विटकी दिसते. घाऊक बाजारात ‘कॉटन फील’ म्हणून विकले जाणारे पुष्कळ कापड प्रत्यक्षात पॉलिस्टरच असते. ते सब्लिमेशनला चालते, पण नावावर न जाता धागा जाळूनच खात्री करा.

आता प्रिंटर. टाकीवाल्या घरगुती प्रिंटरांत कॅनन आणि एचपी यांचे हेड, म्हणजे शाई फेकणारा भाग, शाई तापवून तिचा बुडबुडा करते आणि थेंब फेकते. उष्णतेवर चालणारी शाई अशा हेडला मानवत नाही. एप्सनचे हेड पिझो जातीचे आहे. त्यात विजेच्या दाबाने स्फटिक वाकतो आणि थेंब बाहेर ढकलतो, शाई तापत नाही. आपल्या बाजारात सब्लिमेशनसाठी सगळीकडे एप्सनच का दिसतो, याचे उत्तर हे आहे.

चार रंग की सहा, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सहा रंगांत फिका निळा आणि फिका गुलाबी हे दोन रंग जादा असतात. त्यांचा उपयोग चेहऱ्यावरच्या हलक्या छटांत ठिपके दिसू नयेत यासाठी होतो. मंडळाच्या टी-शर्टावर गणपतीचा फोटो किंवा दिवंगत कार्यकर्त्याचा चेहरा छापायचा असेल तर तो फरक डोळ्यांना दिसतो. संघाचे नाव, क्रमांक आणि बोधचिन्ह एवढेच काम असेल तर चार रंग पुरतात, आणि दोन टाक्या कमी म्हणजे देखभालही कमी.

आकारात मात्र काटकसर करू नका. ए-४ कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा असतो. छातीवरच्या चिन्हाला तो पुरतो, पण मोठ्या माणसाच्या पाठीवर नाव आणि खाली क्रमांक घ्यायचा म्हटले की तो तोकडा पडतो. मग दोन कागद जोडावे लागतात आणि जोडाची रेघ दिसते. ए-३ चा प्रिंटर घेतलात तर ही डोकेदुखी राहत नाही. एप्सनचा सहा रंगांचा ए-३ आकाराचा एल-१८०० हा या धंद्यातला जुना आणि भरवशाचा गडी. आता त्याच्या जागी एल-१८०५० आला आहे. वापरलेला एल-१८०० स्वस्तात मिळाला तरी त्यात आधी कोणती शाई होती ते विचारल्याशिवाय आणि समोर नोझल चेक (हेडची सगळी छिद्रे चालू आहेत का ते दाखवणारी रेघांची चाचणी) काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

नव्या टाकीवाल्या प्रिंटरमध्ये बाहेरची सब्लिमेशन शाई भरली की कंपनीची वॉरंटी धरली जात नाही, हे समजून उमजून करा. हा धोका नको असेल तर एप्सनचाच एफ-१३० कारखान्यातूनच सब्लिमेशन शाईसाठी तयार होऊन येतो, पण तो ए-४ आहे. रूपांतर करणारच असाल तर नव्या कोऱ्या प्रिंटरमध्ये कंपनीची शाई एकदाही न भरता थेट सब्लिमेशन शाई भरा, आणि शाई विकणाऱ्याकडून त्या शाईचे आयसीसी प्रोफाइल (छापलेले रंग खरे यावेत म्हणून संगणकात घालायची फाइल) मागून घ्या. कागदावर छपाई मळकट दिसते, काळा तपकिरी दिसतो, त्याने घाबरू नका. खरा रंग प्रेसनंतर उघडतो. प्रेसनंतरही भगवा लालसर दिसला तर दोष प्रोफाइलचा आहे.

ओलीचे म्हणाल तर पॉलिस्टर स्वतः पाणी फारसे धरत नाही, पण सब्लिमेशनचा कागद धरतो. ओलसर कागद प्रेसखाली गेला की वाफ होते आणि रंगाच्या कडा फुटतात. कागदाचे पाकीट उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि दिवसाला लागतील तेवढेच कागद बाहेर काढा.


फिल्मवाला (पुणे):

रंगारी दादांनी सब्लिमेशनची बाजू नीट मांडली आहे. मी डीटीएफची सांगतो, आणि माझे स्वतःचे यंत्र असूनही ताईंनी ते आत्ता घेऊ नये असेच माझे म्हणणे आहे.

डीटीएफमध्ये पीईटी फिल्मवर आधी रंग आणि त्यावर पांढऱ्या शाईचा थर छापतात. ओल्या शाईवर गोंदाची बारीक पावडर टाकून ती वितळवतात आणि मग ती फिल्म साधारण १५० ते १६० अंशांवर दहा-पंधरा सेकंद दाबून कापडावर उतरवतात. कॉटन असो, पॉलिस्टर असो, काळे असो की पांढरे, सगळ्यावर बसते. त्यामुळे मंडळांच्या काळ्या कॉटन टी-शर्टांना आज याच्याइतका सोपा दुसरा मार्ग नाही, हे मान्यच करावे लागेल.

पण या पद्धतीचा जीव पांढऱ्या शाईत आहे आणि दुखणेही तिथेच आहे. तिचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो. ते कण जड असल्यामुळे शाई स्थिर राहिली की तळाशी बसतात. मोठ्या यंत्रांत शाई सतत ढवळत आणि फिरत ठेवण्याची सोय असते. टाकीवाल्या प्रिंटरवर बेतलेल्या छोट्या यंत्रात ती नसते किंवा नावापुरती असते. मी सुरुवातीला असेच ए-३ आकाराचे रूपांतरित यंत्र घेतले होते. दिवाळीत चार दिवस गावी गेलो, परत येऊन नोझल चेक काढला तर पांढऱ्याच्या ओळीत अर्ध्याहून अधिक रेघा गायब होत्या. हेड क्लीनिंग करत गेलो, त्यात शाईही गेली आणि टाकाऊ शाईचा पॅडही भरला. शेवटी हेड बदलावे लागले, आणि त्याची किंमत प्रिंटरच्या किमतीशी स्पर्धा करणारी होती. ज्यांच्याकडे बारा महिने रोज छपाई असते त्यांचे यंत्र चालू राहते. ताई, आपले काम श्रावण-भाद्रपदात आणि कबड्डीच्या मोसमात एकदम येते आणि मधले महिने गणवेशात जातात. अशा धंद्यात पांढरी शाई यंत्रात पडून राहणे म्हणजे नुकसान ठरलेलेच. शिवाय पावडर वितळवताना धूर होतो. बंद खोलीत तो रोज घेणे बरे नाही.

यावर माझा तोडगा असा: डीटीएफचे यंत्र घेऊ नका, डीटीएफची फिल्म विकत घ्या. पुण्यामुंबईत मीटरवर छापून देणारे पुष्कळ आहेत. दोन फुटी रोलवर छपाईची रुंदी सुमारे ५८ सेंटिमीटर मिळते. नऊ सेंटिमीटर चौरस बोधचिन्ह असेल तर मध्ये कापायला जागा सोडून एका मीटरमध्ये ६० नग बसतात. एकाच संघाचे काम असले तरी उरलेल्या जागेत इतर गिऱ्हाइकांची चिन्हे भरून पूर्ण मीटर वापरा. छापलेली फिल्म कोरड्या, गार जागी ठेवली तर टिकते आणि लागेल तेव्हा दुकानातच प्रेस करता येते. टी-शर्ट पाठवण्याऐवजी फक्त फिल्मची गुंडाळी येईल, म्हणजे निम्मा प्रवास वाचला आणि माल नेहमी आपल्या डोळ्यांसमोर राहिला. डिझाइन पाठवताना सगळी अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर न अवलंबणाऱ्या चित्राच्या रेषांत, बदलून पाठवा. समोरच्याच्या संगणकावर आपला देवनागरी फॉन्ट नसला की वेलांटी आणि रफार जागा सोडतात. आपल्या त्या चुकलेल्या वेलांटीचे मूळ कदाचित तिथेच असेल.

एक सावधगिरी मुद्दाम सांगतो, कारण गोविंदा पथकांच्या टी-शर्टांत ती हमखास आडवी येते. गडद लाल किंवा मरून पॉलिस्टरवर पांढरी अक्षरे दाबली की ती प्रेसमधून दुधासारखी शुभ्र निघतात, आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तर गुलाबी झालेली असतात. कापड रंगवताना वापरलेला रंगही डिस्पर्स जातीचाच असतो. प्रेसच्या उष्णतेने तो उडून वरच्या पांढऱ्या थरात चढतो. मी एका लॉटमध्ये चाळीस नग असे घालवले आहेत. त्यासाठी कमी तापमानाला वितळणारी पावडर किंवा रंग अडवणारा गडद थर असलेली फिल्म मागावी लागते, आणि एक नग दाबून किमान एक रात्र ठेवल्याशिवाय पूर्ण लॉटला हात लावायचा नसतो.


सागवेळ (मडगाव):

वरच्या दोन्ही उत्तरांत पिगमेंट आणि ट्रान्सफर पेपर यांचा विचार झालेला नाही, आणि तो सरसकट बाजूला ठेवावा असे मला वाटत नाही. मी गोव्यात वाढदिवस, शाळांचे मेळावे, एखाद्या कुटुंबाची सहल अशी पाच-दहा नगांची कामे कॉटनवर याच पद्धतीने करते.

ताईंच्या भाच्याच्या टी-शर्टाचा रंग पाझरला, कारण घरच्या प्रिंटरमध्ये बहुधा डाय शाई होती. ती पाण्यात विरघळते. पिगमेंट शाईत रंगाचे न विरघळणारे कण असतात, ते वाळल्यावर पाण्याला दाद देत नाहीत. कागदावरचा पातळ थर उष्णतेने वितळून कापडाला चिकटतो आणि हे कण त्यात धरले जातात. फिक्या कापडाचा कागद उलटा, म्हणजे आरशातल्यासारखा छापायचा असतो. गडद कापडाच्या कागदाला स्वतःचा पांढरा थर असतो, तो सरळ छापून मागचा कागद सोलून वरून दाबायचा असतो. माझ्याकडे नव्याने काम शिकायला आलेल्या मुलीने पहिल्याच दिवशी या दोन्हींची अदलाबदल केली होती, म्हणून आता मी पाकिटांवर मोठ्या अक्षरांत ‘उलटा’ आणि ‘सरळ’ असे लिहून ठेवते.

मर्यादाही सांगते. चित्राच्या कडेला कापड न दिसणारा एक चौकोनी थर राहतो, म्हणून कडा कात्रीने अगदी जवळून कापावी लागते. वारंवार धुतल्यावर तडे जातात. रोज अंगात घालून मातीत लोळायच्या जर्सीसाठी मी हा कागद कधीच देणार नाही. मिरवणुकीच्या चार दिवसांसाठी वीस कॉटनचे टी-शर्ट हवे असतील आणि गिऱ्हाइकाला ते आधी स्पष्ट सांगितले असेल, तर मात्र हा स्वस्त आणि तत्काळ होणारा मार्ग आहे.

आणि कृपा करून इंकजेटचा ट्रान्सफर पेपर लेझर प्रिंटरमध्ये घालू नका. लेझर प्रिंटरचा आतला रोलर इतका तापतो की कागदावरचा थर तिथेच वितळून रोलरला गुंडाळला जातो. लेझरसाठीचे ट्रान्सफर पेपर वेगळे असतात.

ओलीबद्दल थोडी भर घालते. पॉलिस्टरपेक्षा कॉटन कितीतरी जास्त ओल धरते, आणि आपल्या किनारपट्टीवर जुलैमध्ये तर घडीतला कोरडा टी-शर्टही हाताला थंड लागतो. कोणतीही ट्रान्सफर ठेवण्यापूर्वी नुसता टी-शर्ट आठ-दहा सेकंद दाबून घ्या. प्रेस उचलल्यावर वाफ निघताना दिसली तर पुन्हा एकदा दाबा. मी हे करू लागल्यापासून कडा सुटण्याच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या.


पाना-पक्कड (नाशिक):

मी हीट प्रेस आणि प्लॉटर दुरुस्त करतो, त्यामुळे थोडे प्रेसबद्दल आणि थोडे नावांबद्दल लिहितो.

प्रिंटरवर सगळे बजेट संपवून प्रेस सर्वांत स्वस्त घेणारी मंडळी माझ्याकडे सर्वाधिक येतात. ३८ बाय ३८ सेंटिमीटरची सपाट प्रेस आपल्याला बहुतेक कामाला पुरेल (ए-३ चा पूर्ण ४२ सेंटिमीटर लांब कागद मात्र तिच्यात एकदम मावत नाही), पण घेताना ती २०० अंशांवर तापवून इन्फ्रारेड थर्मामीटरने मध्यभाग आणि चारही कोपरे मोजून घ्या. पडद्यावर २०० दिसत असताना कोपरा १८० दाखवत असेल, तर त्या कोपऱ्यातला रंग कायम फिका येणार आणि तुम्ही दोष शाईला देत बसणार. अशी प्रेस साधारण १८०० वॅटची असते, म्हणजे सुमारे आठ अँपिअर वीज सलग ओढते. तिला स्वतंत्र १५ अँपिअरचा पॉइंट आणि चांगले अर्थिंग हवे. घरच्या इन्व्हर्टरवर ती लावू नका. प्रिंटरला मात्र छोटा यूपीएस जरूर लावा, कारण छापताना वीज गेली तर हेड आपल्या टोपीखाली परत जाऊ शकत नाही आणि उघड्यावर वाळते. चिपळूणसारख्या ठिकाणी हा खर्च पहिल्याच पावसाळ्यात वसूल होईल.

आता नावे आणि क्रमांक. गडद जर्सीवर प्रत्येक खेळाडूचे वेगळे नाव असते, ते ऐनवेळी बदलते आणि त्यासाठी फिल्म मागवत बसणे परवडत नाही. यासाठी छोटा कटिंग प्लॉटर (संगणकावरचा आकार पात्याने कापणारे यंत्र) आणि पीयू विनाइल (उष्णतेने कापडाला चिकटणारा रंगीत पातळ पत्रा) घ्या. यात शाईच नाही, त्यामुळे सहा महिने बंद राहिला तरी काही बिघडत नाही. देवनागरीला यात एक फायदा आहे: शिरोरेखेमुळे अख्खा शब्द एकसंध राहतो आणि इंग्रजीसारखी सुटी अक्षरे जुळवत बसावी लागत नाहीत. मात्र कापण्यापूर्वी सगळी अक्षरे वेल्ड करून एक आकार करून घ्या, नाहीतर प्लॉटर प्रत्येक अक्षराच्या जोडावर शिरोरेखा कापतो आणि शब्दाचे तुकडे होतात. नको असलेले विनाइल सोलताना अनुस्वाराच्या टिंबावर बोट ठेवा. ते एकटेच असते आणि सोलपटाबरोबर निघून जाते. ‘संकेत’चा ‘सकेत’ झालेला मी पाहिला आहे. मरून पॉलिस्टरवर पांढरे विनाइलही गुलाबी पडते, तेव्हा तिथे रंग अडवणाऱ्या जातीचेच घ्यावे.


शिवणघर (चिपळूण):

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दुकान बंद केल्यावर आम्ही दोघांनी चौदा नमुन्यांचे धागे जाळून पाहिले. कबड्डीच्या सगळ्या जर्सी पॉलिस्टर निघाल्या, मणी अगदी टणक होता. मंडळांच्या टी-शर्टांपैकी तीन शुद्ध कॉटन आणि दोन मिश्र. ज्या मिश्र टी-शर्टाला आम्ही दोन वर्षे कॉटन समजून विकत होतो, त्याच्या राखेत खडे लागले. वाईट वाटले, पण कळले हे बरे झाले.

वर्षभराची वही काढून नग मोजले. निम्म्याहून जास्त काम पॉलिस्टर जर्सीचे आहे, आणि त्यातही पांढरे किंवा फिके कापड बरेच आहे. त्यामुळे चांगली प्रेस, ए-३ आकाराचा नवा सहा रंगी प्रिंटर सब्लिमेशनसाठी, आणि काळ्या कॉटनसाठी पुण्याहून मीटरवर फिल्म, असे ठरवत आहोत. प्लॉटर पुढच्या मोसमात घेऊ.

रंगारी दादा, एक अडचण उरते. आमच्या दोन जुन्या संघांची जर्सी पिवळीधमक आहे आणि त्यांचे बोधचिन्ह निळे. फिक्या कापडावर सब्लिमेशन चालते असे आपण म्हणालात. पिवळ्यावर ते चालेल का, की तेवढ्यासाठीही फिल्मच वापरावी?


रंगारी (इचलकरंजी):

ताई, पिवळ्यावर निळा छापलात तर चिन्ह हिरवे येईल. शाई पारदर्शक असल्यामुळे खालचा पिवळा तिच्यातून दिसतच राहतो. काळा आणि गडद लाल पिवळ्यावर बऱ्यापैकी उमटतात, पण निळा आणि जांभळा कधीच नाही. फिल्म हा एक मार्ग आहेच. मात्र आपल्या हातात असा मार्ग आहे जो आम्हा नुसत्या छपाईवाल्यांच्या हातात नसतो, कारण आपण शिवता.

पिवळ्या जर्सीच्या छातीवर पांढऱ्या पॉलिस्टरची पट्टी किंवा ढालीच्या आकाराचा तुकडा योजा, बोधचिन्ह त्या पांढऱ्या तुकड्यावर छापा आणि मग तो जर्सीत शिवा. पिवळाही आपल्याच शाईतून काढायचा असेल तर आणखी सोपे: पांढऱ्या कापडातून जर्सीचा पुढचा भाग कापा आणि न शिवताच प्रेसवर ठेवा. ए-३ मध्ये पूर्ण छाती मावणार नाही, पण मधला रंगीत पट्टा मावेल आणि बाह्या व बाजू तयार पिवळ्या कापडाच्या लावता येतील. सपाट तुकड्यावर शिवण, कॉलर किंवा बटणपट्टी मध्ये येत नाही, त्यामुळे दाब सगळीकडे सारखा बसतो. तयार जर्सीवर शिवणीशेजारी जी फिकी रेघ राहते ती इथे राहत नाही.

फक्त कापताना चारी बाजूंनी जादा माया (कापडाची वाढीव कड) ठेवा, कारण प्रेसखाली पॉलिस्टर थोडे आकसते. किती आकसते ते आपल्या कापडाचा २० सेंटिमीटरचा चौकोन कापून, दाबून आणि पट्टीने मोजून एकदा वहीत लिहून ठेवा. नवा तागा आला की पुन्हा मोजा. कागद उष्णता सहन करणाऱ्या टेपने दोन बाजूंना चिकटवा, नाहीतर प्रेस उचलताना तो सरकतो आणि अक्षरांना सावली पडते. खाली आणि वर साधा बटर पेपर ठेवा आणि तो दर वेळी बदला, कारण आधीच्या नगाचा उडालेला रंग त्यावर बसलेला असतो आणि तो पुढच्या पांढऱ्या तुकड्यावर उतरतो. पातळ डॉटनिटला (जर्सीच्या बारीक छिद्रांच्या पॉलिस्टर कापडाला) १९० अंश आणि ४५ सेकंदांपासून सुरुवात करून पाहा. कापडावर प्रेसच्या कडेची चकाकती चौकट उमटली तर आधी दाब कमी करा, मग वेळ कमी करा आणि तापमानाला सर्वांत शेवटी हात लावा.